धरणीवंदना

"एक जरी गाडी पडली ना ताई, तर पुढच्या पाडव्याला तुम्ही परत मागं. डोक्यावर तुळस घेऊन. चालत."

अण्णा शिर्के हे बोलले तेव्हा ते एका गिऱ्हाइकासाठी पडद्याचा रॉड कापत होते. साताऱ्यातल्या आमच्या पेठेच्या शोभायात्रा मंडळाचे ते अध्यक्ष. मंडळाच्या सगळ्या बैठका त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानातच व्हायच्या, त्यामुळे प्रत्येक ठरावाच्या मध्ये कुणीतरी खिळे नाहीतर नळाची तोटी मागायचं.

"आणि नाही पडली तर?" शैलाताईंनी विचारलं. शैलाताई माने एसटीत कंडक्टर होत्या. समोरचा माणूस सुट्ट्या पैशांवरून वाद घालतोय अशाच सुरात त्या सगळ्यांशी बोलायच्या.

"तर पुढं. ढोलाच्या पाठोपाठ."

"ह्या वर्षी, का कायमचं?"

अण्णांनी करवत थांबवली. "कायमचं, कायमचं. एक गाडी पडली तर मागं, नाही पडली तर मान कायमचा बायकांचा. झालं समाधान?"

"‘भगिनींचा’ म्हणा, अण्णा," कोपऱ्यातल्या स्टुलावरून सुभेदार सर म्हणाले. सर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते आणि शोभायात्रेचं निवेदन गेली कित्येक वर्षं तेच करत होते. "‘बायकांचा मान’ कानाला बरं लागत नाही."

"भगिनींचा," अण्णा म्हणाले आणि पुन्हा रॉड कापायला लागले.

मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन नुकतीच घरी परतले होते. नोकरी मिळायची होती, त्यामुळे कुणी विचारलं नाही तरी मी लोकांना गोष्टींची कारणं सांगत फिरायचे. बाबांची बुलेट मला चालवता येत होती. माझी उंची बेताची, पाय जमिनीला जेमतेम पोचायचे, पण गाडी पळायला लागली की उंचीचा काही प्रश्न उरत नाही. म्हणून शैलाताईंनी मला बायकांच्या दुचाकी पथकात घेतलं. आम्ही सहा जणी, सहा गाड्या.

रोज सकाळी मैदानावर सराव. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना गोल उभं करून सांगितलं, "हे बघा, पळती गाडी आपला तोल बऱ्यापैकी आपणच सांभाळते. खरा धोका हळू जाण्यात आहे. माणूस चालतो त्या वेगाला ती सगळा भार आपल्यावर टाकते. आणि शोभायात्रेत आपल्याला अख्खा राजपथ त्याच वेगानं उतरायचाय."

"म्हणजे एसटीच्या उलटं," शैलाताई म्हणाल्या. "आमची गाडी थांबली की सुरक्षित."

"म्हणून माझं म्हणणं आहे की आधी पडायचा सराव करू. पडली तर उचलायची कशी, त्याची एक रीत आहे. मी वाचलंय, पाठ सीटला—"

"ए!" शैलाताईंनी गळ्यातली शिट्टीच वाजवली. "तो शब्द ह्या मैदानावर काढायचा नाही. अण्णानं अट कशाची घातलीय? त्याचीच. आणि तू त्याचाच सराव करायला निघालीस?"

त्या दिवसापासून पथकात ‘पडणे’ हे क्रियापद बंद झालं. ऊन ‘आलं’ म्हणायचं. कुणाला सर्दी झाली तर ती ‘आजारी झाली’. अंजूवहिनींच्या तोंडून एकदा "मला प्रश्न पडला" असं गेलं, तर त्यांना मैदानाला चक्कर मारायला लावली. चालत. आम्ही रांग शिकलो, थांबणं शिकलो, एका शिट्टीला थांबा आणि दोन शिट्ट्यांना चला हे शिकलो. गाडी आडवी झाली तर काय करायचं, हे मात्र कुणालाच शिकायला मिळालं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी माझ्या मागे गुढी धरून बसणारी मावसबहीण तापानं फणफणली. गुढी लांबून दिसायला हवी, म्हणजे धरणारी उंच हवी. आमच्या घरात उंच एकच माणूस होतं. आई पोस्टात काम करायची. खिडकीमागे बसून बसून तिला एक सवय लागली होती. कुणी काही मागितलं की "बरं" म्हणायचं आणि ते काम करून टाकायचं.

"गुढी तू धरशील?" मी विचारलं.

"बरं."

सकाळी नऊवारी, फेटा, नथ आणि काळा चष्मा घालून ती माझ्या मागे दोन्हीकडे पाय टाकून बसली. दुचाकीवर असं बसायची तिची ही पहिलीच वेळ.

"मी धरू कशाला?" तिनं विचारलं.

"मला धर."

"मग गुढी कोण धरणार?"

"तोल सांभाळ म्हणजे झालं," मी म्हणाले.

"बरं."

राजवाड्यापासून यात्रा निघाली. सगळ्यात पुढे कर्णे बांधलेला टेम्पो, त्यात सुभेदार सर. त्यांच्या मागे ढोल-ताशाचं पथक. त्याच्या मागे आम्ही, आणि आमच्यात पहिली माझी गाडी, कारण गुढी माझ्याकडे होती. शैलाताई शेवटच्या गाडीवर. अण्णा शिर्के पांढऱ्या झब्ब्यात आमच्या बाजूनं चालत होते. त्यांचं लक्ष आमच्या तोंडांकडे अजिबात नव्हतं, फक्त चाकांकडे होतं.

राजपथाला उतार आहे. रोज तो जाणवतही नाही, पण क्लच दाबून, ब्रेक सोडत-धरत, ढोलवाल्यांच्या टाचांमागून तो उतरायचा म्हटलं की त्याचा प्रत्येक फूट कळतो. ढोलवाले चार पावलं चालायचे आणि थांबून गोल करून वाजवायचे. ते थांबले की शैलाताईंची शिट्टी, शिट्टी झाली की आम्ही पाय टेकवायचो. माझे पाय म्हणजे पायाची बोटं. डाव्या हाताला कळ लागली होती, नथ ओठावर टोचत होती आणि फेट्याखालून घाम चष्म्यात येत होता. तरीही सगळं नीट चाललं होतं. कर्ण्यातून सरांचा आवाज येत होता, "आणि रसिकहो, या बघा, आपल्या भगिनी! पोलादी अश्वांवर आरूढ होऊन..."

मोती चौक ओलांडून थोडं पुढे गेलो, आणि ढोलवाले अचानक दोन बाजूंना फाकले. रस्त्याच्या मधोमध मोठी रांगोळी होती. पहाटेपासून कुणीतरी बसून काढलेली, मोराची, प्रत्येक पिसात वेगळा रंग भरलेली. टेम्पो आणि ढोलवाले तिच्या कडेनं निघून गेले, म्हणून तर ती मला आधी दिसलीच नाही. दिसली तेव्हा माझं पुढचं चाक मोराच्या चोचीपासून हातभर अंतरावर होतं.

आता यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं असं कुणी म्हणेल. रांगोळी म्हणजे काही खड्डा नव्हे. सरळ जायचं. पण लहानपणापासून ‘रांगोळीवर पाय देऊ नको’ हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की तिच्यावरून बुलेट घालायचं हाताला सुचतच नाही. मी हँडल डावीकडे वळवलं आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक करकचून दाबला.

चालण्याच्या वेगात, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक कधीही दाबायचा नाही, हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. कारणासकट.

गाडी डावीकडे कलली. मी पाय टेकवला. उताराला तिथं जमीन मला वाटली होती त्याहून बोटभर खाली होती. पुढचा क्षण फार लांबला. आधी मी गाडी धरून ठेवायचा प्रयत्न केला. मग माझ्यातल्या भौतिकशास्त्रानं सांगितलं की माझ्या साडेतीनपट वजनाची वस्तू या कोनात धरून ठेवणं शक्य नाही. तेव्हा मी ताणणं सोडलं आणि हँडल हातात ठेवून तिला हळूहळू खाली जाऊ दिलं. चटईवर झोपलेलं मूल ठेवावं तशी ती लेगगार्डवर टेकली. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर आले, दोन्ही तळवे रस्त्यावर. आणि माझा कासोटा लेगगार्डखाली अडकला, त्यामुळे मला उठताही येईना.

"अगं बाई!" रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आवाज आला. ढोल थांबले. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि मान वर न करता म्हणाले, "आई?"

"काय?" आवाज वरून आला.

आई उभी होती. गाडी तिच्या दोन पायांमधून निघून खाली गेली होती, आणि ती होती तिथंच, ताठ, दोन्ही हातांत गुढी धरून उभी होती. गुढी तसूभरही कलली नव्हती.

"लागलं का गं?" तिनं विचारलं.

"नाही. तुला?"

"मला काय होतंय?"

डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला पांढरा झब्बा धावत येताना दिसला. अण्णांच्या चेहऱ्यावर काळजी होती, खोटं कशाला सांगू. पण काळजीच्या मागे दुसरंही काहीतरी होतं, आणि ते हसत होतं. माझ्या डोळ्यांपुढे तुळशीची कुंडी आली. मागे पाच जणी गाड्यांवर गोठून बसल्या होत्या.

आणि कर्णे खरखरले.

यात्रेत कुठंही शांतता झाली की सरांना ती आपली वैयक्तिक जबाबदारी वाटायची.

"रसिकहो!" सर म्हणाले. "शांतता राखा! नववर्षाच्या या मंगल प्रभाती, ज्या धरणीच्या पाठीवर आपण वर्षभर चाकं फिरवतो, त्या धरणीमातेला आपल्या भगिनी... वाहनासह... नतमस्तक होऊन वंदन करत आहेत! ही आहे धरणीवंदना!"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मलाही नाही. मग कडेच्या एका आजींनी हात जोडले. त्यांचं बघून शेजारच्या बाईंनी जोडले. बघता बघता दोन्ही फुटपाथ नमस्काराच्या पवित्र्यात उभे राहिले.

शैलाताईंची शिट्टी वाजली. मग त्यांचा आवाज आला, गर्दीच्या एसटीत मागच्या माणसाला पुढे सरकायला सांगतात तसा, हळू पण अंगावर येणारा. "आडवी करा."

"काय?" अंजूवहिनी.

"गाडी आडवी करा म्हणते."

"ताई, ह्यांची गाडी आहे! दिवाळीला फक्त तेच धुतात!"

"मग ह्यांना घरी जाऊन आवरू. आता आडवी कर. एकटीच आडवी दिसली तर ती पडलेली दिसंल."

तेव्हा एक नवीन गोष्ट माझ्या लक्षात आली. चुकून गाडी आडवी होणं एकदम सोपं असतं. मुद्दाम करणं महाकठीण. अंजूवहिनी हँडल धरून देवाचं नाव घेत वाकत गेल्या. एकीनं दोनदा अर्ध्यातून परत उभी केली, कारण तिच्या हातांना पटतच नव्हतं. पण एकेक करून पाचही जणी खाली आल्या, पाच फेटे रस्त्याला टेकले, आणि सहा गाड्या एका रांगेत डाव्या कुशीवर निजल्या.

"अप्रतिम!" कर्णे म्हणाले.

अण्णा माझ्यापाशी येऊन पोचले होते. त्यांच्यामागे मंडळाची चार पोरं बाह्या सरसावून. "सरका, सरका, उचला रे," अण्णा म्हणाले आणि हँडलला हात घालणार, एवढ्यात शैलाताई मध्ये उभ्या राहिल्या.

"वंदना चालू आहे, अण्णा. हात लावायचा नाही."

"अहो, पण उचलणार कोण?"

"ज्यांनी ठेवली त्या."

"तुम्हाला जमणार हाय का?"

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या लक्षात आलं की आता सगळं यावरच आहे. पोरांनी एक जरी गाडी उचलून दिली असती, तर वंदनेची तिथंच, भर मिरवणुकीत, फजिती झाली असती.

मी घाईत हँडल दोन्ही हातांनी धरून वर ओढलं. गाडी हलली नाही. माझ्या पाठीत काहीतरी हललं.

"कशी उचलायची ते वाचलंय म्हणत होतीस ना?" आई वरून म्हणाली.

"हो."

"मग वाचल्यासारखी उचल की."

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, उतारावर घसरू नये म्हणून. गाडीकडे पाठ केली आणि उकिडवी बसले. आणि त्या अवस्थेतही माझ्यातली विद्यार्थिनी खूश झाली. कारण ही रीत शोधणाऱ्यांनी नऊवारी पाहिलीच नसणार. पाठ सीटला टेकवून पूर्ण उकिडवं बसायचं आणि तसंच उलट्या पावलांनी उठत जायचं, याला नऊवारीसारखा दुसरा पोशाख नाही.

"सगळ्या ऐका!" मी ओरडले. "गाडी गिअरमध्ये टाका! पाठ सीटला! खाली बसा! एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला! हातांनी ओढायचं नाही, पायांनी ढकलायचं. उलटं चालायचं, बारीक पावलांनी. उभी राहिली की थांबा, नाहीतर पलीकडे..." मी थांबले. "नाहीतर पलीकडे जाईल."

"पलीकडे पडेल म्हण की आता," शैलाताई पाठ टेकवता टेकवता म्हणाल्या. "आता काय राहिलंय?"

दोन शिट्ट्या झाल्या. मांड्यांना आग लागली. आधी काहीच झालं नाही, मग सीट माझ्या पाठीमागे वितभर वर आली, मग कमरेइतकी, आणि मग एकदम सगळं वजन नाहीसं झालं आणि गाडी उभी राहिली. माझा कासोटा सुटला. ताशेवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं तर्री घेतली, काड्यांचा सलग कडकडाट. ढोलांनी ती उचलली. मागे अंजूवहिनी "आली, आली, माझी आली!" असं ओरडत होत्या. टाळ्या इतक्या जोरात होत्या की कर्ण्यांचा आवाज पहिल्यांदाच दबला.

मोराला धक्का लागला नव्हता. आम्ही त्याच्या कडेनं निघालो.

पोवई नाक्यावर यात्रा संपली. कडुलिंबाची चटणी वाटत होते. अण्णा तळहातावर ती घेऊन थेट माझ्यापुढे आले.

"केतकी, तू खोटं बोलणारी पोर नाहीस. गाडी पडली का पाडली?"

एकच काना, पण आमचं पुढचं वर्ष त्याच्यावर होतं. आणि एरवी हाच काना लागला की पोरांना मार बसतो.

मी खरोखर विचार केला. "सुरुवातीला पडायला लागली होती," मी म्हणाले. शैलाताईंनी डोळे मिटले. "पण अर्ध्यात मी सोडून दिली. म्हणजे ताणली असती तर आपटली असती. मी हँडल धरून तिला खाली नेली. त्यामुळे शेवटाकडे बघितलं तर मी पाडली."

"शेवटाकडे बघितलं तर!" अण्णा म्हणाले. "सर, बघा हिचं."

सुभेदार सर टेम्पोतून उतरून घसा शेकायला चहा शोधत होते. ते थांबले. "अट काय होती, अण्णा?"

"गाडी पडली तर."

"‘पडणे’ अकर्मक. गाडी आपली आपण करते. ‘पाडणे’ प्रयोजक. कर्ता दुसरा, त्याची इच्छा दुसरी. दुकानात मी होतो. तुम्ही ‘पाडली तर’ म्हणाला नव्हता." त्यांनी चष्मा पुसला. "आणि उरलेल्या पाच तर सगळ्या गावासमोर पाडल्यात."

अण्णांनी चटणी तोंडात टाकली. चेहरा कडू झाला तो चटणीनं की व्याकरणानं, ते सांगता येणार नाही. "पुढच्या वर्षी परत करणार का ते वंदन?" त्यांनी शेवटी विचारलं. "नाही, लोक विचारतायत. आमची मंडळी फुटपाथवर होती, ती म्हणली, डोळ्यांत पाणी आलं."

"दरवर्षी," शैलाताई म्हणाल्या. "कायमचं."

अण्णा गेल्यावर मी सरांना गाठलं. "सर, तुम्हाला खरंच वाटलं का की आम्ही वंदन करतोय?"

"म्हणजे? नव्हता करत?" सर दचकले. "मधे एवढे ढोल. मला तुमच्या गाड्या कुठं दिसतात? मला फक्त फेटे आणि गुढी दिसते. तुझा फेटा एकाएकी खाली गेला, गुढी मात्र होती तशी वर. काही घोटाळा झाला असता तर आधी गुढी कलली असती. गुढी सरळ म्हणजे कार्यक्रम सुरळीत. पत्रिकेत नव्हता, म्हणून नाव मला द्यावं लागलं."

मी आईला शोधलं. ती एका दुकानाच्या पायरीवर बसून फेट्याच्या पिना काढत होती. गुढी तिनं शेजारी नीट टेकवली होती.

"तू उभी कशी राहिलीस?" मी विचारलं.

"तू सगळ्यांना बजावत नव्हतीस का, हँडल वळलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही म्हणून? घरीसुद्धा बाबांना सांगत होतीस, जेवताना." तिनं एक पिन दातांत धरली. "तू दाबलास. मी पाय टेकवले."

"मला सांगायचंस तरी!"

"तेवढा वेळ कुठं होता?"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमच्या पेठेत धरणीवंदना अजून होते. नवीन निवेदक तिची परंपरा प्राचीन असल्याचं सांगतात. पण मला आठवते ती त्याच्या पुढच्या वर्षीची सरावाची पहिली सकाळ. मैदानावर पथकाची नावनोंदणी होती. बंद केलेलं क्रियापद आता दर दोन मिनिटांनी ऐकू येत होतं. मी गादीसारख्या जाड सतरंज्या अंथरल्या होत्या, कारण त्या वर्षी सराव पडण्यापासूनच सुरू करायचा असं शैलाताईंनीच ठरवलं होतं.

आई पोस्टात जायच्या आधी आली. पर्स तिनं माझ्या हातात दिली, बुलेटपाशी गेली आणि स्टँडवरून काढलेलं ते धूड दोन्ही हातांनी धरून जरा वेळ उभी राहिली. तिला गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा तिनं लग्नानंतर हातात घेतलेली मला आठवत नाही.

"आई, आधी चालवायला शिकवू का?"

"ते बघू नंतर," आई म्हणाली आणि पदर खोचला. "कुठल्या बाजूला पाडू?"